बटणांच्या जागा

आम्ही लग्नं कापतो. बोईसर, पालघर, चिंचणी, मनोर या टापूत लोक आम्हाला सरसकट शूटिंगवाले म्हणतात, पण आमच्यातले निम्मे कॅमेऱ्याला हात लावत नाहीत. ते खोलीत बसतात आणि दुसऱ्यांनी टिपलेल्या सहा-सात तासांतून अडीच तासांचं लग्न काढतात. निकाह, वलीमा, वाडवळांची हळद, एमआयडीसीतल्या उत्तर प्रदेशी कामगारांच्या वराती, वारली पाड्यावर धवलेरीने लावलेलं लग्न, सगळं आमच्या टेबलावरून जातं. टेबल बहुतेकांचं जुनंच आहे. त्यावरचं सामान मात्र पाच-सहा वेळा बदललं.

सुरुवातीला दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर होता. एका यंत्रात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. इकडे प्ले, तिकडे रेकॉर्ड, आणि बोट पॉजवर. सगळं ओळीनं करावं लागे. कॅसेट पुरी झाली आणि नवरदेवाचे मामू म्हणाले, ‘बेटा, आमचे हाजीसाहेब पहिल्या पाच मिनिटांत दिसले पाहिजेत,’ तर पुढची सगळी कॅसेट पुन्हा भरायची. शिवाय नकलेची नक्कल काढली की चित्र धुऊन निघाल्यासारखं फिकं व्हायचं. वधूच्या ओढणीचा लाल रंग तिसऱ्या प्रतीत विटकरी होई.

मग कॉम्प्युटर आला. डीव्हीची एक तासाची टेप हार्ड डिस्कवर उतरवली की साधारण १३ जीबी जागा खाई. त्या वेळी चाळीस जीबीची डिस्क म्हणजे श्रीमंती. तीन टेपा उतरवल्या की डिस्क भरली, म्हणून एक लग्न पुसल्याशिवाय दुसरं घेता येत नसे. वर भारनियमन. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून आमच्या उशाशी आहे, तरी रेंडर नव्वद टक्क्यांवर आलं की हमखास बत्ती गुल. पण एक गोष्ट मोठी होती. आता मामूंच्या हाजीसाहेबांना कुठूनही उचलून कुठेही बसवता येत होतं, मागचं पुढचं काही न बिघडवता. त्या एका सोयीपायी बाकी सगळं सोसलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मुंबईच्या मोठ्या स्टुडिओतल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. आमच्यातले पुष्कळजण उर्दू किंवा मराठी शाळेत, सातवी-दहावीपर्यंत शिकलेले. सॉफ्टवेअरचा मेनू सगळा इंग्रजी. तो आम्ही वाचून शिकलो नाही, जागेवरून शिकलो. वरून तिसरं, डावीकडून दुसरं. निळं दाबलं की कापतं, कोपऱ्यातलं दाबलं की जोडतं. उस्तादाने बोट ठेवून दाखवलं आणि आमच्या बोटाने ते पाठ केलं. कुराण शरीफ तोंडपाठ करणारा मुलगा जसा ‘ही आयत पानाच्या वरच्या अंगाला आहे’ असं सांगतो, तसं आम्हाला पडद्याचं पान पाठ होतं. आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की नेमकं तेच पान बदलतं. ज्याला इंग्रजी येतं तो वाचून शोधतो. आमचा माणूस एका रात्रीत पुन्हा निरक्षर होतो. वीस वर्षांच्या कारागिराला काल आलेल्या पोराला विचारावं लागतं, ‘बाळा, कापायचं कुठे गेलं?’ हे विचारणं जड जातं. आमच्यातल्या दोघा-तिघांनी धंदा सोडला तो कामाच्या टंचाईमुळे नाही, या एका प्रश्नामुळे.

हे दुःख फक्त गावाकडचं आहे असंही नाही. २१ जून २०११ रोजी अॅपल कंपनीने फायनल कट प्रो टेन बाजारात आणलं, तेव्हा जगभरच्या एडिटरांनी डोक्याला हात लावला. त्याच्या आधीच्या सॉफ्टवेअरवर हॉलिवूडचे अख्खे सिनेमे कापले गेले होते. वॉल्टर मर्च यांच्यासारख्या नामवंत संकलकाने ‘कोल्ड माउंटन’ त्यावर केला होता. नव्यात जुनी प्रोजेक्टं उघडेनात. अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र जुळवण्याची सोय नव्हती, ती जानेवारी २०१२ मध्ये आली. कंपनीचं म्हणणं, पायापासून नवं बांधलंय. एडिटरांचं म्हणणं, अहो, पण आम्ही आत राहत होतो! अंधेरीत सहायकाचं काम करणारी आमच्याकडची पोरं ही हकिगत सांगत, तेव्हा आम्हाला थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. साहेबलोकांचंही बटण हरवतं तर.

आमच्या भागात मॅक थोडे, विंडोजवरचं एडियस जास्त. ते मुळात जपानच्या कॅनोपस कंपनीचं. लग्नवाल्यांत ते चाललं, कारण साध्या कॉम्प्युटरवरही पळतं आणि गाण्यांची तयार प्रोजेक्टं बाजारात मिळतात. नवरा-नवरीचे फोटो रिकाम्या चौकटींत टाकायचे की झालं गाणं. पुढे ६४ बिटचा जमाना आला आणि ३२ बिटचे जुने इफेक्ट नव्या आवृत्त्यांत चालेनात.

२०१३ साल दोन गोष्टींसाठी लक्षात आहे. त्या वर्षी विरारची लोकल डहाणूपर्यंत आली आणि बोईसरच्या पोरांना अंधेरीचे क्लास हाताशी आले. त्याच वर्षी मे महिन्यात अॅडोबीने जाहीर केलं की यापुढची सॉफ्टवेअरं विकत मिळणार नाहीत, भाड्याने मिळतील. म्हणजे अवजार आपलं नाही. सुताराला रंधा दरमहा भाड्याने घ्यायला लावण्यातला प्रकार. लग्नाचा हंगाम चार-पाच महिन्यांचा, रमजानात निकाह क्वचितच, पावसाळा कोरडा. भाडं मात्र बारा महिने.

त्याआधी चहापाण्याच्या पैशांत मिळणाऱ्या चोरीच्या सीड्यांवर आमच्यात जोरदार वाद होत. एक बुजुर्ग म्हणत, कुलूप तोडून आणलेल्या हत्याराने कमावलेली रोजी हलाल कशी? तरुण म्हणत, चाचा, त्यांची एका प्रतीची किंमत आमच्या वर्षाच्या कमाईएवढी, ती त्यांना हलाल का? उत्तर दोघांकडेही पुरतं नव्हतं. २०११ पासून दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती मिळू लागली आणि पुढे त्यात एडिटिंगही भरभक्कम आलं, तेव्हा वाद आपोआप निवळला. चाचांनी साठीत ते शिकायला घेतलं. वहीत उर्दूतून बटणांचे नकाशे काढून.

बदलाने एक चांगलं दारही उघडलं. आपल्याकडे बायकांच्या बाजूचं चित्रण नाजूक काम. कॅमेरा बाईच्या हातात दिला तरी कापायला ते पुरुषाच्या खोलीतच येई. म्हणून कित्येक घरांत तो भाग काढतच नसत. अम्मीच्या लग्नात खाला कशा दिसत होत्या, हे पुढच्या पिढीला कळणारच नाही. लॅपटॉप स्वस्त झाले तशी एडिटिंगची खोली घरात आली. आता आमच्या मुली, सुना तो भाग कापतात, आणि ‘बायकांकडचं तुमच्या मुलीनेच करावं’ अशी अट घालून लोक काम देतात. या मुलींनी जुनं काही पाठ केलेलं नाही. बटण हललं तर त्या कुरकुरत नाहीत, शोधतात.

सगळ्यात मोठा बदल मात्र सॉफ्टवेअरचा नव्हता, टेप गेल्याचा होता. टेप भरली की फळीवर राही. कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरतात. हे किती महागात पडलं ते २०२० आणि २१ मध्ये कळलं. करोनात माणसं गेली. कित्येकांना धड जनाजाही नशिबी आला नाही. मग घरचे येऊ लागले: ‘भाई, आमच्या अब्बांचं चालता-बोलतानाचं काही आहे का तुमच्याकडे?’ कार्डाच्या काळातलं बहुतेक गेलेलं. टेपांना खाऱ्या हवेची बुरशी लागलेली. बुरशी पुसली तर टेप चालवायला यंत्र नाही. यंत्र मिळालं तर त्याची फायरवायरची पिन घेणारा कॉम्प्युटर नाही. जुनी प्रोजेक्ट फाईल नव्या सॉफ्टवेअरात उघडत नाही. नवापूर रोडला एकाने जुना विंडोज एक्सपीचा डबा कापडात गुंडाळून ठेवला होता. त्यावर आम्ही पाळीपाळीने रात्री बसलो. एका टेपेत एक गृहस्थ पंगतीत बिर्याणी वाढताना सापडले, आठ-नऊ सेकंद. मूळ कॅसेटमध्ये तो तुकडा घेतलेला नव्हता, कामाचा नाही म्हणून गाळलेला. त्यांच्या लेकीने तो पेन ड्राईव्हमध्ये नेला. पैसे कुणी घेतले नाहीत.

तेव्हापासून आमच्यातले काहीजण मूळ चित्रण दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवतात. गिऱ्हाईक त्याचे जादा पैसे द्यायला कुरकुरतं.

आता कापणं मोबाईलवर आलंय. तेही भरवशाचं नाही; जून २०२० मध्ये सरकारने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकबरोबर व्हिवा व्हिडिओही गेलं आणि त्यावर काम करणारी पोरं पुन्हा कोऱ्या पाटीवर. हल्ली मनोरला वलीम्यात दस्तरखान उचलायच्या आत नवरदेवाला निकाहची उभी रील हवी असते, तीस सेकंदांची. ती मुलगी तिथेच बसून देते. मग दादीजान आम्हाला बाजूला घेतात आणि म्हणतात, ते राहू दे, मला मोठी कॅसेट करून दे, जेवायला आलेला प्रत्येक माणूस दिसला पाहिजे. त्या अजून कॅसेटच म्हणतात. आम्ही म्हणतो, हो दादी, करतो.