नीरा आंबली, गूळ बसला नाही



खजुरीच्या गुळाचा फोटो टाकला की लगेच "भाऊ, रेट काय?" सुरू होतं. या वेळी फोटो नाही, कारण गूळच नाही. ३० लिटर नीरा, अर्ध्या दिवसाचं जळण आणि शेवटी हातात चिकट काकवी. पालघर, चिंचणी, डहाणू पट्ट्यात ज्यांच्या बांधावर शिंदी म्हणजे आपली खजुरी उभी आहे, त्यांच्यासाठी काय झालं ते लिहितो.

आमच्याकडे १२ झाडं छेदाला आहेत. काका संध्याकाळी चढून गाडगी बांधतात, पहाटे उतरवतात. तीन दिवस छेद, मग झाडाला विश्रांती. थंडी चांगली असली की झाड अडीच लिटरपर्यंत देतं. रसात साखर साधारण १०-१२ टक्के, म्हणजे दहा लिटरला किलोभर गूळ धरायचा. पण हवेतलं, गाडग्यातलं, सालीवरचं यीस्ट त्या साखरेवर टपलेलंच असतं. गाडग्याला आतून चुना फासतात तो त्याला रोखायला. चुना जागा असेल तर नीरा, नसेल तर सकाळपर्यंत ताडी. मध्ये फार काही नसतं.

त्या रात्री आभाळ आलं होतं. जानेवारी असून पांघरूण नको वाटत होतं. पहाटे काकांनी पहिलंच गाडगं खाली दिलं आणि वरूनच ओरडले, "भाऊ, वास घ्या हो!" तोंडाशी पांढरा फेस, कान लावला तर चुरचुर. चार गाडगी अशी निघाली, पीएचचा कागद ५ दाखवत होता. बाकीची आठ गोड लागत होती, पण कागद ६ वर. गुळासाठी साडेसात-आठ तरी लागतो.

काका म्हणाले, "चढवून बघू, नायतरी ओतायचीच हाय." आठ गाडग्यांची २० लिटर नीरा कढईत गेली. वरून थोडा चुना घातला, मळी काढली, फेस उतू नये म्हणून खोबऱ्याचा तुकडा फिरवला. रंग आला, वासही आला. थंड पाण्यात थेंब टाकला तर गोळी व्हायला हवी, तो तळाशी पसरला. आणखी आटवलं, तर जळका वास. साच्यात ओतलेलं संध्याकाळपर्यंत बोटाला तार धरत होतं.

कारण असं. यीस्ट दारू करायच्या आधी साखर फोडतं. तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ती साखर गोड लागते, पण खडा धरत नाही. नंतर चुना घालून आंबटपणा मोडतो, फुटलेली साखर परत जुळत नाही.

आता चुना. पिशवी नवी होती, दुकानदाराने "ताजा माल" म्हणून दिलेली. काकांनी चिमूट जिभेला लावली आणि थुंकले. "ह्यो चावतच नाय." विझवलेला चुना हवेत पडून राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड खातो आणि त्याचा खडू होतो. पांढरा तसाच दिसतो, काम करत नाही. काकांसारखी जीभ लावू नका, पोळते. चमचाभर चुन्यावर लिंबू पिळा. जोरात बुडबुडे आले तर तो मेला. मी नंतर पिळलं, पिशवी फसफसली. कळीचा चुना आणून घरी विझवलेला सगळ्यात बरा, झाकण घट्ट ठेवायचं.

ती चार गाडगी. एकाने सांगितलं, बोईसर नाक्यावर दुपारपर्यंत हातोहात खपेल. खपलीच असती. पण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ खाली झाड छेदायलाच परवाना लागतो, आणि आमचा नीरेचा आहे, ताडीचा नाही. वसईकडे फुग्यांच्या पिठात ताडी घालतात, म्हणून घरात वाटीभर ठेवली. बाकी कंपोस्टवर.

खरी अडचण काकांच्या पैशाची झाली. लिटरमागे ठरलेलं आहे. ते घेईनात. "माल नासला, पैसे कसले?" अहो, बारा झाडं, दोनदा चढायचं, पायाखाली ओली साल, वय साठीला आलेलं. नासला तो चुन्याने. पूर्ण ३० लिटरचे दिले, काकूंच्या हातात.

त्यांचा मुलगा तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करतो. तो झाडावर चढणार नाही, आणि त्याला चढ म्हणायचं तोंड माझ्याकडे नाही. २०२० च्या जूनमध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाने डहाणूला २०० कारागिरांना ७ दिवस शिकवून नीरा-गुळाची अवजारं दिली. अवजार मिळतं हो. पहाटे चारला चढणारा माणूस हंगामभर टिकायचा, तर नासलेल्या दिवसाचं नुकसान कोणाच्या अंगावर, हे बागायतदाराने आधीच बोलून ठेवलं पाहिजे. आम्ही आता ठरवलंय: गाडगं उतरलं की लिटर मोजायचे, पुढचं सगळं माझं.

काकवी घावनाबरोबर संपत आलीय. पोरांना गुळापेक्षा तीच आवडली.

पुढचा छेद शुक्रवारी. कळीचा चुना विझवून ठेवलाय, आभाळ मात्र अजून आहेच.