संप मिटल्यावर

जहांगीर कलादालनातलं समोवर २०१५च्या मार्चमध्ये बंद झालं, तेव्हा शेवटच्या दिवसांत तिथे बसायला जागा मिळत नव्हती. १९६४पासून चाललेलं ते हॉटेल. त्याच्या कितीतरी आधी, २००२मध्ये, काळा घोड्याचं वेसाइड इन गेलं. अरुण कोलटकर तिथे बसायचे, म्हणून कवितेच्या वाचकांना ती जागा न पाहताही पाठ होती. धोबीतलावचं बास्तानी गेलं, जवळचं कयानी राहिलं. गिरगावात खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमात मासे खायला लोक लांबून यायचे, तोही बंद झाला. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांतून लेख आले, फोटो आले, जुन्या गिऱ्हाइकांनी आपापल्या टेबलाच्या आठवणी सांगितल्या. मी ते सगळं वाचलं. वाईटही वाटलं. पण वाचताना दर वेळी मनात एक कडवटपणा यायचा, आणि तो का येतो हे मला पक्कं ठाऊक होतं. डिलाईल रोडच्या आमच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या मजल्यावर, नळाच्या बाजूच्या खोलीत, एक खाणावळ होती. तिला पाटी नव्हती, त्यामुळे पाटी उतरली असं कधी झालं नाही. ती कधी बंद झाली याची तारीख कुणालाच सांगता येणार नाही. मलासुद्धा नाही, आणि तिची वही मी लिहायचे.

आता आमची चाळ पाडली आहे. शंभरेक वर्षांची ती दगडासारखी इमारत, मध्ये अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडं. पाडायच्या आधी जुने रहिवासी जमले होते. जिना, गणपती, गच्ची यांबद्दल बोलणं चाललं होतं. एकशेसाठ चौरस फुटांच्या जागी पाचशे फुटांची घरं मिळणार, याचा आनंद खरा होता आणि रास्तही होता. मी नळाच्या बाजूच्या त्या खोलीबद्दल विचारलं. बऱ्याच जणांना आधी लक्षातच येईना. मग एक जण म्हणाला, "हां, ती भाकरीवाली मावशी!"

मावशी पाटण तालुक्यातली. नवरा गिरणीत त्रासन खात्यात होता, छातीच्या आजारानं गेला. खोली नवऱ्याच्या नावावर होती, ती तिच्याकडे राहिली, आणि पोटासाठी तिनं चूल वाढवली. गिरणगावात अशा बायका गल्लोगल्ली होत्या. बापे माणूस एकटा मुंबईत यायचा, बायकापोरं गावाला. एका गावचे वीस-पंचवीस जण मिळून एक खोली धरायचे, तिला गाळा म्हणायचे. तिथे भिंतीला ट्रंका, वळकट्या आणि दोरीवर कपडे. गाळ्यात झोपायला जागा पाळीपाळीनं मिळे. जेवायला मात्र खाणावळ हवी. कोकणातल्यांच्या खाणावळी निराळ्या, तिथे भात आणि माशाचं कालवण. घाटावरच्यांच्या निराळ्या, तिथे ज्वारीची भाकरी, आमटी, एखादी पालेभाजी, ठेचा, आणि पगार झाल्यावरच्या रविवारी मटण. जेवणाऱ्यांना मेंबर म्हणत. मावशीकडे वीसेक मेंबर असायचे, सुगीच्या दिवसांत कमी.

त्या एका खोलीत मोरी, स्टोव्ह, शेगडी, पिठाचे डबे आणि पाण्याचं पिंप धरून एका वेळी सहा जण बसत. उरलेले पॅसेजमध्ये भिंतीला टेकून थांबत. जर्मनची ताटं मोजकी होती. एक उठला की ताट विसळून दुसऱ्यापुढे जायचं. मला ती ताटं विसळायची परवानगी नव्हती. "तू लिव्हणारी हाईस," म्हणून मावशीनं मला त्यातून सोडवलं होतं, आणि आईला ते आवडत नसे. आईचं म्हणणं, शेजारणीची मुलगी आहे, तिची हिशेबनीस नाही.

गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या. सकाळी सातची पहिली, दुपारी साडेतीनची दुसरी, रात्री बाराची तिसरी. मला आठवते ती रात्रीची वेळ. तिसऱ्या पाळीचे मेंबर अकराच्या सुमारास जेवून निघायचे. बाराचा भोंगा झाला की खोलीत क्षणभर काहीच चालायचं नाही. मग मावशी पीठ भिजवायला घ्यायची. आधीच करून ठेवलेली भाकरी ती दुसऱ्या पाळीच्या माणसाला वाढत नसे. आमटीत पाणी वाढवायची, भाजीत बटाटा जास्त घालायची, ते सगळ्यांना कळायचं आणि कुणी बोलायचं नाही. भाकरी मात्र तव्यावरून थेट ताटात. रात्री साडेबाराला, दिवसभर उभं राहून, ती परातीत भाकऱ्या थापत बसायची, आणि भिंतीपलीकडे आमच्या खोलीत मी त्या थापांवर जागी व्हायचे. एकेक थाप नीट ऐकू येई. पहिल्या दोन-तीन संथ, मग जिन्यावर पावलं वाजली की भराभर.

मेंबर यायचे तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांवर कापसाचा भुरा असायचा. ते पॅसेजमध्येच डोकं झटकायचे. मावशी प्रत्येकाच्या ताटात आधी गुळाचा खडा ठेवायची. गुळानं घशातला कापूस सुटतो असं गिरणीत सगळे मानत. नवऱ्याच्या खोकल्याला गुळाचा काही उपयोग झाला नव्हता, तरी तिनं खडा ठेवायचं सोडलं नाही. कुणी ठेवून दिला तर रागवायची. नावानं ती फारसं कुणाला हाक मारत नसे. साच्यावाला, कांडीवाला, रंगखात्याचा, असं खात्यावरून. "साच्यावाल्या, आज गप का रं? घरनं कागद आला का?" एवढंच विचारायची, आणि तो भाकरी मोडता मोडता सांगायचा. बायको बाळंत झाली, बैल मेला, भावानं वाटणी मागितली. गावाकडची सगळी खबर त्या खोलीत रात्री साडेबारा ते दीडच्या दरम्यान यायची. १९७२च्या दुष्काळात रेशनवर तांबडा मिलो मिळायचा. त्याची भाकरी चिरायची, थापता थापता तुकडे पडायचे. मावशीचा हात तेवढाच एकदा हरलेला मी पाहिला. तुकडे जोडून भाजताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या रात्री गावाला पोरं काय खात असतील हे विचारायचं धाडस कुणालाच झालं नाही, तिलाही नाही.

वहीचं काम मी चौथीत असताना माझ्याकडे आलं. रोज रात्री नाही, सकाळी शाळेला जायच्या आधी. प्रत्येक मेंबरची एक ओळ, जेवला त्या वेळेला रेघ, नाही आला तर खाडा. महिन्याच्या पैशांतून खाडे वजा व्हायचे. नियम असा, की आदल्या रात्री सांगितलं असेल तरच खाडा धरायचा, कारण पीठ दळून आलेलं असतं, डाळ भिजलेली असते. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वीस जणांचे खाडे तिला तोंडपाठ होते. वही भांडण झालं तरच उघडायची. आजारी माणसाचा खाडा ती न सांगताही धरायची, आणि त्याच्याकडे गाळ्यात पेजेचा तांब्या पाठवायची. पेज नेऊन द्यायला मी असायचेच.

तिच्या धंद्यात नफा कुठे होता हे मोठी झाल्यावर मी शोधत बसले. वाण्याची उधारी महिनाभर चालायची, पगार झाल्यावर मेंबर पैसे देणार, ते वाण्याला जाणार. मध्ये सण आला, कुणी गावाला गेला, की सावकार. सावकाराचं व्याज आणि वाण्याचा वाढीव भाव यांतून उरायचं ते तिचं आणि तिच्या मुलाचं जेवण. १९७५मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते या बायकांसाठी. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या, गिरणी कामगारांच्या चळवळीत वाढलेल्या प्रेमाताईंना एक गोष्ट दिसली जी युनियनच्या सभांत कुणी बोलत नव्हतं : संप चालतो तो खाणावळवालीच्या उधारीवर. त्यांनी या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं मिळवून दिली, एकमेकींना जामीन ठेवून. मावशीनंही कर्ज घेतलं आणि सावकार सुटला. बँकेच्या कागदावर तिनं अंगठा दिला नाही, नाव लिहिलं. महिनाभर माझ्या पाटीवर गिरवून ते शिकली होती. पुढे प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली, २००२ साली, तेव्हा मावशी गावाला होती. तिला कळलं की नाही कोण जाणे.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. पहिले काही आठवडे खोलीत गर्दीच असायची, कारण कुणालाच कामावर जायचं नव्हतं. पाळ्याच राहिल्या नाहीत, आणि रात्री साडेबाराचं जेवण थांबलं. मेंबर दिवसाउजेडी जेवायला येऊ लागले, खाली मान घालून. मावशी वाढत राहिली. "संप मिटला की देतो," प्रत्येक जण म्हणायचा. ती म्हणायची, "मी मागितलं का?" मी रेघा मारत राहिले. उन्हाळ्यात पहिले दोघे गावाला गेले, पेरणीच्या आत येतो म्हणून. मग पावसात आणखी. दिवाळीला वहीत पाच ओळी चालू होत्या. बँकेचा हप्ता भरायला तिनं आधी पाटल्या विकल्या, मग मोठी पातेली. तांब्याचं पिंप विकलं तेव्हा ते चौघांनी जिन्यावरून उतरवलं, आणि त्या चौघांत दोघे तिचेच मेंबर होते.

तो संप अधिकृतपणे मागे घेतल्याचं आजतागायत कुणी जाहीर केलेलं नाही. त्यामुळे संप मिटल्यावर द्यायचे पैसे कधी द्यायचेच झाले नाहीत. मी त्या माणसांना दोष देत नाही. त्यांच्या नोकऱ्या गेल्या, देणी बुडाली, पोरं वाट चुकली. पण त्यांतला एक जण पुढे चांगला सावरला, गावी पतसंस्थेत बसला, दोन मजली घर बांधलं. माझ्या भावाच्या लग्नात मला भेटला. आईची विचारपूस केली, चाळीची केली, मुंबईतल्या पावसाची केली. मावशीचं नाव त्याच्या तोंडी आलं नाही. मी अर्धा तास त्याच्यासमोर उभी होते. आजही तो प्रसंग आठवला की माझा आवाज चढतो, मुलं हसतात, आणि मी त्यांना हसू देत नाही.

शेवटी एकच मेंबर राहिला, कांडीवाला म्हातारा, ज्याला जायला गाव नव्हतं. त्याच्यासाठी ती रोज दोन वेळा भाकरी करायची. ती खाणावळ होती, की म्हाताऱ्या शेजाऱ्याला दिलेलं जेवण? वहीत मी त्याची ओळ चालू ठेवली होती. बारावीची परीक्षा आली आणि वही माझ्याकडून सुटली. मावशी दादरला दोन घरी पोळ्या लाटायला जाऊ लागली. काही वर्षांनी मुलानं तिला गावाला नेलं.

गिरण्यांच्या जागेचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एक गोष्ट पुन्हा सांगायला हवी. १९९१च्या नियमावलीत त्या जमिनीचे तीन वाटे होते : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१मध्ये वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती केली, आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल मान्य केला. मग फिनिक्समध्ये मॉल आला, मथुरादास, तोडी, कमला या गिरण्यांच्या आवारांत रेस्टॉरंटं आली. आज उघडलेलं दोन वर्षांत नाव बदलतं, नवे मालक, नवी सजावट, तेच भाडं किंवा जास्त. त्या बंद होण्यालाही माझ्या लेखी किंमत आहे. प्रत्येक बंद स्वयंपाकघरामागे भांडी घासणारा, पीठ मळणारा, रात्री दोनला शेवटची गाडी चुकलेला कुणीतरी असतो. २०१७च्या डिसेंबरमध्ये कमला मिलच्या आवारात गच्चीवर आग लागली आणि १४ माणसं गेली, ती वेळ रात्री साडेबाराच्या सुमाराची. त्या रात्री मी बंबांचा आवाज ऐकून उठले, आणि झोपेत मला आधी वाटलं, दुसरी पाळी सुटली.

आता काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये महापालिका वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करते आहे. तिथे साचे असतील, भोंगा असेल, संपाचे फोटो असतील. तिथे एक काठवट हवी, एक जर्मनचं ताट हवं, आणि कुठल्यातरी खाणावळीची खाड्यांची वही हवी. मी मावशीची वही शोधली. तिच्या मुलानं ती घर शाकारताना टाकून दिली. पण अडीच लाख माणसं जेवत होती. गिरणगावात कुणाच्या तरी माळ्यावर एखादी वही असणारच, आणि ती ज्यांच्याकडे आहे त्यांनी रद्दीत घालू नये, एवढं मागण्याचा मला हक्क आहे असं मी समजते.

माझा भाचा यंदा त्याच कमला मिलच्या आवारातल्या एका ऑफिसात लागला. डिलाईल रोडलाच खोली घेऊन तिघे जण राहतात, रोज बाहेरचं मागवून खातात. जवळच्या एका जुन्या चाळीतली बाई घरगुती डबे देते असं कळलं, म्हणून त्याला घेऊन गेले. दारात चपला काढायला जागा नव्हती. चार पोरं डबे घ्यायला उभी होती, त्यांतली दोघं पाठीवर घरपोच जेवणाच्या पेट्या अडकवलेली. ती बाई म्हणाली, पैसे महिन्याचे आगाऊ, रविवारी रात्री बंद. मी विचारलं, "आणि खाडा?"

"आदल्या रात्री सांगितलं तर धरते. सकाळी फोन करून उपयोग नाही, ताई, भाजी चिरलेली असते."

भाच्याला तो शब्द माहीत नव्हता. मी त्याला तिथेच, त्या बाईसमोर, समजावून सांगितलं, आणि हेही सांगितलं की पुढेमागे नोकरी सुटली, पैसे अडले, गावाला जावं लागलं, काहीही झालं, तरी इथे येऊन तोंडानं सांगायचं. न सांगता निघून जायचं नाही.