राजा परतला तेव्हा

मी व्यवसायाने वकील आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्राचा अधिकारी नव्हे आणि त्या धर्माचा अनुयायीही नव्हे. तरी बायबलातील शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा १९ वा अध्याय मी पुन्हापुन्हा उघडतो. त्यात एक जमिनीचा तंटा आहे, आणि त्याचा निकाल माझ्या मनाला आजवर पटलेला नाही.

प्रसंग सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. इब्री लोकांचा राजा दावीद याच्याविरुद्ध त्याचाच पुत्र अबशालोम याने बंड केले. राजा अनवाणी, मस्तक झाकून, रडत राजधानी सोडून निघाला. किद्रोन ओढा ओलांडून जैतुनाचा डोंगर चढला आणि यार्देन नदीपलीकडे महनाइमास जाऊन राहिला. पुढे लढाईत अबशालोम मारला गेला. राज्य मिळाले, पुत्र गेला. श्रीराम अयोध्येस परतले तेव्हा भरताने पादुका ठेवून सांभाळलेले राज्य त्यांची वाट पाहत होते. दाविदाच्या परतीच्या वाटेवर असे काही नव्हते.

येशूही अटकेच्या रात्री तोच ओढा ओलांडून गेला, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. म्हणून दाविदाच्या प्रयाणात ख्रिस्ताच्या दुःखभोगाची आणि त्याच्या परतण्यात ख्रिस्ताच्या पुनरागमनाची छाया ख्रिस्ती भाविकांना दिसते. विजयी होऊनही दावीद राजधानीवर चालून गेला नाही. तो थांबला, राजाला परत आणण्यात तुम्हीच मागे का, असे याजकांकरवी यहूदा वंशातील वडीलधाऱ्यांना त्याने विचारले. माझे एक ख्रिस्ती वकीलमित्र या थांबण्याचा अर्थ असा लावतात, की देव कोणाचे दार फोडून आत शिरत नाही. अर्थ सुंदर आहे. मला मात्र त्यात थोडी मुत्सद्देगिरीही दिसते, कारण बंडखोरांचा सेनापती अमासा याला त्याच निरोपात सेनापतिपद देऊ केलेले आहे.

नदीकाठी राजाच्या भेटीला जी माणसे आली त्यांत, पळून जाताना त्याच्यावर दगड फेकणारा शिमी होता. त्याला शपथेवर अभय मिळाले. परंतु मृत्युशय्येवर दाविदाने शलमोनाला त्याची आठवण करून दिलीच. ८० वर्षांचा बर्जिल्लय होता. दरबारात येऊन राहण्याचे निमंत्रण त्याने नम्रपणे नाकारले. आता जेवणाची चव नाही की गाणे ऐकू येत नाही, मला माझ्या गावीच मरू द्या, असे त्याचे म्हणणे. आणि मफीबोशेथ होता.

मफीबोशेथ हा दाविदाचा जिवलग मित्र योनाथान याचा मुलगा. पाच वर्षांचा असताना पळापळीत दाईच्या हातून पडून तो दोन्ही पायांनी पंगू झाला. मित्राला दिलेल्या वचनास जागून दाविदाने त्याच्या आजोबांची, म्हणजे शौल राजाची, सर्व जमीन त्याला परत केली होती. ती कसण्याचे काम सीबा नावाच्या सेवकाकडे होते. त्याचे १५ मुलगे आणि २० चाकर होते. बंडाच्या दिवशी हा सीबा दोन गाढवांवर २०० भाकरी, मनुका, फळे आणि द्राक्षारस लादून राजाला वाटेत भेटला. धनी कोठे आहे, असे राजाने विचारताच तो म्हणाला की, धनी राज्य मिळण्याची आशा धरून नगरातच बसला आहे. राजाने तेथेच, प्रतिपक्षाचे एक अक्षरही न ऐकता, सगळी जमीन सीबाला देऊन टाकली. आमच्या भाषेत हा एकतर्फी हुकूम.

आता मफीबोशेथ समोर उभा होता. राजा गेल्यापासून त्याने पाय धुतले नव्हते, दाढी नीट केली नव्हती, वस्त्रे धुतली नव्हती. आपण पंगू, गाढवावर खोगीर घालून निघणार होतो, पण सेवकाने फसवले, असे त्याने सांगितले. एवढा पुरावा अंगावर असताना फेरविचार व्हायला हवा होता. दाविदाने, आता अधिक बोलू नकोस म्हणत, जमीन दोघांत निम्मी वाटून दिली. सीबा खोटा असेल तर त्याला अर्धी का? खरा असेल तर राजद्रोह्याला अर्धी का? थकलेल्या न्यायासनाने केलेल्या अशा वाटण्या माझ्याही पाहण्यात आहेत. दोन्ही पक्षकार गप्प होतात आणि त्यालाच समेट म्हटले जाते. ज्यूंच्या तालमूदातील एका आचार्यांना हा निवाडा इतका खुपला, की त्याच क्षणी आकाशवाणीने दाविदाच्या राज्याचेही दोन तुकडे ठरवले, असे त्यांनी सांगून ठेवले आहे.

मफीबोशेथाचे उत्तर असे: राजा सुखरूप परतला, आता सगळी जमीन त्यालाच घेऊ द्या. ख्रिस्ती प्रवचनकार येथे थांबतात. भक्ताला दान नको, दाता हवा. आपल्या संतपरंपरेत वाढलेल्या कोणालाही हे कळेल, आणि मलाही ते हलवून जाते. पण एकाच्या वैराग्याने दुसऱ्याचा निकाल शुद्ध होत नाही, हे मी मित्राला म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही. यशया संदेष्ट्याने दाविदाच्या वंशात ज्या राजाची वाट पाहिली, त्याचे लक्षणच हे की तो ऐकीव गोष्टींवर निवाडा करणार नाही. दावीद चुकला म्हणूनच आम्ही त्या राजाची वाट पाहतो, एवढेच ते म्हणाले. वकिलाला यावर उलटतपासणी घेता येत नाही.

पुढे शौलाच्या वंशातील सात पुरुष गिबोनी लोकांना फाशी देण्यासाठी सोपवण्याची वेळ आली, तेव्हा योनाथानाशी झालेली शपथ आठवून दाविदाने मफीबोशेथाला वाचवले. जमिनीचे काय झाले, ते ग्रंथ सांगत नाही.