उन्हाळी

आमच्या मराठवाड्यांत चैत्र सरला कीं घरोघर एक दुखणें पाहुण्यासारखें येतें, आणि चारचौघांत त्याचें नांव कोणी घेत नाहीं. बायका आपसांत हळूच म्हणतात, "उन्हाळी लागली आहे." लघवीस जळजळ, पुन्हां पुन्हां जावेंसें वाटणें, गेल्यावर चार थेंब, आणि ओटीपोटांत कळ. नांवांतच ऊन असल्यामुळें उपायहि थंडाव्याचा: धन्याजिऱ्याचें पाणी, वाळा, सब्जा, ताक. आमच्या सासूबाई हें देत, त्यांच्या सासूबाई देत, आणि आम्हीहि पस्तीस वर्षें देत आलों. त्यानें पुष्कळदां बरें वाटतें, हें खोटें नाहीं. जी उन्हाळी केवळ पोटांत पाणी कमी गेल्यानें लागते ती पाणी गेल्यानें जातेच. अडचण एवढीच कीं, तेंच नांव धारण करून दुसरें एक दुखणें घरांत शिरतें, आणि त्याला धन्याच्या पाण्याची भीति वाटत नाहीं.

हें आम्ही शिकलों तें २०१६ सालच्या उन्हाळ्यांत. आमचें घर नांदेडास, आणि धाकटे दीर लातुरास. त्या वर्षीं मांजरा धरण आटलें होतें. मार्च महिन्यांत पाण्याच्या टांक्यांभोंवतीं जमावबंदीचें कलम १४४ लावावें लागलें, आणि एप्रिलांत मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पांच लक्ष लिटर पाणी होतें. वर्तमानपत्रांत त्या गाडीचीं छायाचित्रें आपण सर्वांनीं पाहिलीं असतील. पण त्या पाण्याच्या अभावीं घराघरांतील बायका काय करीत होत्या याचें छायाचित्र कोणी घेतलें नाहीं. आमच्या जाऊबाई घरांतील सहा माणसांचें पाणी मोजून देत, आणि स्वतः शेवटीं उरेल तेवढें पीत. शौचकूपांत ओतावयास पाणी नाहीं, म्हणून तेथें जाणें कमी पडावें अशा बेतानें पिणेंहि कमी. त्यांना मधुमेह होता. एके दिवशीं त्यांचा फोन आला: "वहिनी, फार जळजळ होते आहे." आम्हीं क्षणभरहि विचार न करतां सांगितलें, "अग, उन्हाळी आहे. रात्रीं धने-जिरें भिजत घाल आणि सकाळीं गाळून पी."

दुसऱ्या दिवशीं फोन, तिसऱ्या दिवशीं फोन. आम्ही तेंच सांगत गेलों. ताप आहे का, थंडी वाजते का, कुशींत दुखतें का, यांपैकीं एकहि प्रश्न आम्हांस सुचला नाहीं. त्यांनींहि होऊन सांगितलें नाहीं, कारण मोठ्या जावेस पुन्हां पुन्हां काय सांगावयाचें! पांचव्या दिवशीं पहाटे त्या आपल्या मुलीला आपल्या आईच्या नांवानें हांका मारूं लागल्या. अंग भाजत होतें, आणि दांतखीळ बसावी अशी थंडी. मूत्राशयांतील जंतु मूत्रपिंडापर्यंत चढून रक्तांत भिनले होते. रुग्णालयांत अकरा दिवस काढल्यावर त्या घरीं आल्या. पहिल्याच दिवशीं तेथील डॉक्टरांनीं दिरांना विचारलें होतें, "इतके दिवस कोणाचें औषध चालू होतें?" दीर सरळ स्वभावाचे. ते म्हणाले, "नांदेडच्या वहिनींचें." हें त्यांनीं आम्हांस नंतर हंसत सांगितलें. आम्हांस मात्र त्या दिवशीं हंसूं आलें नाहीं, आणि अजूनहि येत नाहीं.

फोनवरून वैद्यकी करणें ही गोष्ट नवी नाहीं, असें आम्ही म्हणतों तें यामुळें. ती प्रत्येक एकत्र कुटुंबांत चालूच असते, फक्त ती करणारास ती येत नसते.

हें दुसरें दुखणें म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. आपल्या आंतड्यांत ई. कोलाय नांवाचे जंतु मुळांतच राहतात. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञानें १८८५ सालीं त्यांचें वर्णन केलें. तेथें ते निरुपद्रवी असतात. तेच मूत्रमार्गानें वर चढले कीं मूत्राशयास सूज आणतात. स्त्रीचा हा मार्ग अवघा चार सेंटिमीटरांचा, पुरुषाचा वीस. म्हणून हें दुखणें बायकांच्या वांट्यास अधिक, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांस तें जन्मांत एकदां तरी गांठतें. यांत कोणाच्या चारित्र्याचा किंवा सोवळ्याओंवळ्याचा कांहीं प्रश्न नाहीं. आमच्या घरांतील जुन्या पिढीला वाटे कीं असल्या गोष्टी बोलणें अमंगळ. पण चरकानें मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार मोकळेपणानें सांगितले आहेत. त्याची भीड त्या आचार्यांना नव्हती, ती आपण मागाहून कोठून आणली कोण जाणे.

आतां गेल्या वर्षींची गोष्ट. वैशाख महिना होता, आणि नांदेडास दुपारीं अंगणांत पाऊल टाकवत नव्हतें. आमच्या धाकट्या सूनबाई बँकेंत नोकरीस आहेत. तेथील शौचकूपाची अवस्था त्यांच्याच शब्दांत सांगावयाची तर "न जाणें बरें", म्हणून त्या सकाळीं नऊपासून सायंकाळीं सहापर्यंत घोटभरच पाणी पीत. तीन दिवस त्यांनीं जळजळ लपवली. चौथ्या दिवशीं पंगतींतून दोनदां उठल्या तेव्हां आमच्या ध्यानांत आलें. थोरल्या चिरंजीवांनीं ताबडतोब कपाटांतून दोन वर्षांपूर्वींच्या पाकिटांतल्या उरलेल्या तीन नॉरफ्लॉक्सासिनच्या गोळ्या काढल्या आणि वर म्हणाले, "आणखी लागल्या तर कोपऱ्यावरचा दुकानदार चिठ्ठीवांचून देतो." आम्ही धन्याच्या डब्याकडे हात नेला, आणि लातूरचा तो फोन आठवून हात मागें घेतला.

धाकटे चिरंजीव म्हणाले, "ई-संजीवनीवर विचारूं." केंद्र सरकारची ही सेवा २०१९ च्या अखेरीस सुरू झाली, आणि २०२० च्या एप्रिलांत, टाळेबंदीच्या दिवसांत, ती घरबसल्या रोग्यांसाठीं खुली झाली. मोबाइलच्या क्रमांकावर नोंद करावयाची, टोकन मिळतें, पाळी आली कीं पडद्यावर डॉक्टर दिसतात, आणि बोलणें संपल्यावर चिठ्ठी मोबाइलवरच येते. त्याला पैसे पडत नाहींत. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावर दहा कोटी सल्ले झाले होते. हे सर्व ऐकून घरचे कर्ते पुरुष म्हणाले, "नाडी नाहीं, जीभ नाहीं, पोटावर हात नाहीं, हें कसलें वैद्यक?" त्यांची शंका अगदींच वावगी नव्हती.

खरी अडचण निराळीच निघाली. चौदा माणसांच्या घरांत सुनेनें आपल्या लघवीविषयीं बोलावें कोठें? दिवाणखान्यांत सासरे, ओसरीवर पाहुणे, स्वयंपाकघरांत भाचे. शेवटीं माडीवरच्या अंथरुणांच्या खोलींत सूनबाई बसल्या, आणि जिन्याच्या तोंडाशीं आम्ही पहाऱ्यास. वीस मिनिटें थांबल्यावर, आणि मध्यें एकदां पडदा काळा झाल्यावर, एक बाई डॉक्टर दिसल्या. सूनबाईंनीं आम्हांस आंत बोलावलें, म्हणून पुढचें आम्हीं स्वतः ऐकलें.

त्या बाई पहिल्यानें ऐकत होत्या, नंतर विचारूं लागल्या. जळजळ किती दिवस? लघवीचा रंग गढूळ, लाल? ताप, हुडहुडी, उलटी? कुशींत, पाठीच्या बाजूस दुखतें का? अंगावरून पांढरें जातें का, खाज आहे का? (तसें असेल तर दुखणें बहुधा दुसरेंच असतें, असें त्यांनीं सांगितलें.) मधुमेह, मुतखडा? यापूर्वीं कधीं झालें होतें, तेव्हां काय घेतलें? कोणत्या औषधानें अंगावर पुरळ येतें? एकेक प्रश्न ऐकतांना आमच्या कानांत लातूरचे ते चार दिवस वाजत होते. मग त्यांनीं विचारलें, "पाळी शेवटची कधीं आली?" सूनबाईंनीं तारीख सांगितली, बोटांवर मोजलें, आणि गप्प झाल्या. बारा दिवस वर गेले होते. कामाच्या धांदलींत त्यांच्याच लक्षांत आलें नव्हतें.

डॉक्टरबाईंचा स्वर बदलला नाहीं. त्या म्हणाल्या, "घरांतल्या त्या गोळ्या घेऊं नका. गर्भ असेल तर त्या चालत नाहींत, आणि नसला तरी आपल्याकडे हे जंतु त्या गोळ्यांना फारसे जुमानत नाहींत. दुकानांतून चांचणीची पट्टी आणून आजच पाहा. पट्टीवर दोन रेघा आल्या तर मी येथून औषध देणार नाहीं. उद्यांच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आणि औषधाचा पहिला डोस घेण्याआधीं लघवी कल्चरला द्या. सुरुवातीची धार सोडून मधली, स्वच्छ डबींत."

दोन रेघा आल्या. घरांत आनंद आणि काळजी एकदम शिरलीं, आणि थोरल्या चिरंजीवांनीं त्या तीन गोळ्या कोणाला न सांगतां केराच्या टोपलींत टाकल्या. दुसऱ्या दिवशीं तपासणी झाली, गर्भारपणांत चालणारें औषध सुरू झालें. कल्चरचा निकाल दोन दिवसांनीं आला: जंतु ई. कोलायचेच, आणि कपाटांतल्या त्या जातीच्या गोळ्यांना दाद न देणारे. गरोदर स्त्रीच्या बाबतींत हें दुखणें मूत्रपिंडापर्यंत पोहोंचण्याची भीति अधिक असते आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूति होऊं शकते, हें आम्हांस तेव्हां कळलें. पौषांत मुलगी झाली. दिवस भरून झाली.

श्रावणांत थोरल्या सूनबाईंस तेंच झालें. त्यांची गोष्ट सांगण्याजोगी नाहीं, आणि तीच बहुतेकींची असते. ताप नाहीं, कुशींत दुखणें नाहीं, दिवस नाहींत, मधुमेह नाहीं. पडद्यावर या वेळीं डॉक्टर पुरुष होते. त्यांनीं तेच प्रश्न विचारून नायट्रोफ्युरँटॉइन पांच दिवस लिहून दिलें, जेवणाबरोबर घ्या म्हणाले, लघवी तांबूस-पिवळी दिसेल तर भिऊं नका म्हणाले, आणि हें औषध मूत्राशयापुरतेंच आहे, ताप आला तर फोनवर थांबूं नका, रुग्णालय गांठा, हेंहि बजावलें. दोन दिवसांत जळजळ गेली. तिसऱ्या दिवशीं औषध बंद करण्याचा त्यांचा बेत आम्हीं मोडून काढला.

घरच्या कर्त्या पुरुषांची नाडीची शंका आम्हीं पुष्कळ दिवस मनांत घोळविली. पाठीवर हळूच थाप मारून मूत्रपिंड दुखतें का तें पाहणें कांचेतून होत नाहीं, हें खरेंच. पुरुष, लहान मूल, गर्भवती, मधुमेही, मुतखड्याचा रोगी, आणि ताप आलेली कोणीहि, यांनीं प्रत्यक्षच गेलें पाहिजे. पण एरव्हीं धडधाकट असलेल्या बाईस जळजळ आहे, वारंवार जावें लागतें, आणि अंगावरून कांहीं जात नाहीं, एवढें जुळलें कीं निदान शंभरांत नव्वदांहून अधिक वेळां बरोबर येतें. म्हणजे या दुखण्यांत हातापेक्षां प्रश्नाचें काम मोठें. आम्हीं लातुरास जें दिलें नाहीं तें औषध नव्हतें, प्रश्न होते.

आणि पाणी. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, हें दुखणें वारंवार होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकीं निम्म्यांना रोज दीड लिटर अधिक पाणी प्यावयास लावलें. वर्षभरांत त्यांचें दुखणें जवळजवळ निम्म्यानें कमी झालें. बँकेंत, शाळेंत, कचेरींत बायकांना जाववेल असें शौचकूप नसेल तर हें दीड लिटर त्यांनीं प्यावें कसें, हें त्या प्रयोगांत नाहीं. सूनबाईंनीं आतां त्याविषयीं बँकेंत लेखी तक्रार केली आहे. पहिल्या तक्रारीवर एक नवी बादली आली. दुसरी त्यांनीं कालच लिहिली.

लातूरच्या जाऊबाईंचा परवां फोन आला. आवाज ऐकून आम्ही विचारलें, "काय ग, बरी आहेस ना?"

"पुन्हां जळजळ वाटते आहे, वहिनी."

आम्हीं विचारलें, "ताप आहे का? कुशींत दुखतें का? साखर केव्हां तपासलीस?"

पलीकडे किंचित् शांतता झाली. मग त्या म्हणाल्या, "ताप नाहीं. साखर सकाळीं तपासली. हे गाडी काढताहेत, दवाखान्यांतच निघालें आहे. तुम्ही धन्याचें पाणी सांगाल म्हणून आधीं फोन केला नाहीं."