खडकी, पण पुण्याची नव्हे!

गेले काही वीकएंड माझ्या मामेबहिणीच्या डिझर्टेशनमध्ये चाललेत. विषय मस्त आहे, आपल्या शहराचं जुनं पाणी, म्हणजे मलिक अंबरची नहर-ए-अंबरी. तिचं म्हणणं, "दादा, तू कॉम्प्युटरवाला ना, मग शोधून दे की."

बसलो शोधायला. 'छत्रपती संभाजीनगर पाणी' टाकलं तर नळाला पाणी कधी येणार याच्या बातम्या. 'औरंगाबाद' टाकलं तर मधूनच बिहारमधलं औरंगाबाद उगवतं. आणि 'खडकी' टाकलं तर थेट पुण्याचं कँटोन्मेंट! :)

आता गंमत बघा. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलं ते खडकी. १६२६ मध्ये त्याच्या मुलाने, फतेहखानाने, त्याचं फतेहनगर केलं. १६५३ मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद केलं आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. गाव एकच, नावं चार. आपल्याला हे शाळेपासून माहीत असतं, पण सर्च बॉक्सला कोणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही. त्याच्या लेखी चार वेगळे शब्द, विषय संपला.

मग बहीण एका निवृत्त ग्रंथपाल बाईंकडे गेली. बाईंनी आधी तिलाच प्रश्न विचारला, "तुला नहर बांधली कशी ते हवंय, की पाणी वाटलं कसं ते?" हिने तोवर हा विचारच केला नव्हता. मग म्हणाल्या, "इंग्रजीत शोधताना खिरकी असंही बघ. १८८४ चं औरंगाबाद जिल्ह्याचं गॅझेटिअर वाच. आणि १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, तेव्हा उर्दू-फारसी कागदांसाठी हैदराबादकडे बघावं लागेल." दहा मिनिटांत एवढं सगळं!

ग्रंथालयशास्त्रात याला संदर्भसेवा म्हणतात. डॉ. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. माझ्या मते याहून चांगली रिक्वायरमेंट आजवर कोणी लिहिलेली नाही.

मग हे ऑनलाईन कशाला, बाई आहेत की! पण बाई इथे शहरात आहेत. आपल्या विद्यापीठाची कॉलेजं जालना, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतही आहेत. धाराशिवकडच्या मुलीला एक प्रश्न विचारायचा तर एसटीत अख्खा दिवस जातो, शिवाय तिकिटाचे पैसे. ती मग विचारतच नाही, सोपा विषय घेऊन मोकळी होते. खरं नुकसान हे आहे.

म्हणून विद्यापीठाच्या लायब्ररीने ऑनलाईन संदर्भसेवा काढावी असं मला मनापासून वाटतं. पण आम्हा लोकांना काम दिलं की आम्ही आधी चॅटबॉट बसवतो, तोही खडकी विचारल्यावर छातीठोकपणे पुणे सांगून मोकळा होऊ शकतो. मी असतो तर आधी तीन साध्या गोष्टी केल्या असत्या.

एक, नावांचा तक्ता. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, संभाजीनगर एकमेकांना जोडायचे, तसंच उस्मानाबाद आणि धाराशिव. जुन्या कार्ड कॅटलॉगमध्ये 'हेही पाहा' अशी कार्डं असायची, तेच हे.

दोन, फॉर्ममध्ये 'हे कशासाठी हवंय?' असा एक रकाना. आणि उत्तर द्यायला खरा माणूस, 'दोन दिवसांत कळवतो' असं सांगून खरंच कळवणारा.

तीन, आलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरं जपून ठेवायची. जुने मराठी मजकूर कितीतरी वेळा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात, कॉपी केले की नुसती अगम्य अक्षरं. तिथे सर्च हात टेकतो, पण 'अमुक पुस्तक, तमुक प्रकरण' हे कोणीतरी एकदा लिहून ठेवलेलं असलं की पुढच्याचं काम होतं.

यातलं काहीच अवघड नाही, कोडच्या दृष्टीने तर एका वीकएंडचं काम. अवघड आहे ते बाईंसारख्या लोकांच्या डोक्यातलं उतरवून घेणं. ते लोक आता एकेक करून रिटायर होतायत आणि त्याचा बॅकअप कुठल्याच सर्व्हरवर नाही.