नाव, गाव आणि नमुना क्रमांक ६

मतदार नोंदणीचे परिपत्रक महाविद्यालयात आले की ते बहुधा राज्यशास्त्र, राष्ट्रीय सेवा योजना किंवा मराठी यांपैकी एका विभागाकडे जाते. पहिल्या दोहोंचे कारण उघड आहे. मराठीकडे ते येते याचे कारण असे की, मतदार जागृती म्हणजे घोषवाक्ये, निबंध आणि पथनाट्य अशी एक समजूत रूढ आहे आणि घोषवाक्याला यमक लागते. निवडणूक आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५० ची. म्हणून २०११ पासून ती तारीख राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळली जाते. त्या दिवशी प्रतिज्ञा होते, फेरी निघते, छायाचित्र काढले जाते. २०१८ पासून महाविद्यालयांत निवडणूक साक्षरता मंडळेही आली. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या आमच्या महाविद्यालयात या मंडळाचे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे.

यमके जुळवून झाली की खरे काम उरते, ते अर्जाचे. नव्या मतदाराने भरायचा अर्ज म्हणजे नमुना क्रमांक ६. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला प्रत्येक मजकूर वाचण्याची खोड असते, तशी ती मलाही आहे. आणि हा अर्ज वाचताना मला नेहमी वाटते की तो मूलतः तीनच प्रश्न विचारतो. तुझे नाव काय? तू कोणाचा वा कोणाची? आणि तू राहतोस कुठे? हे प्रश्न आपल्याकडे एस.टी.च्या बाकावर शेजारी बसलेला अनोळखी माणूसही विचारतो. पण अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींना हे तीन रकाने भरताना मी ज्या तऱ्हेने अडखळताना पाहिले आहे, त्यावरून हे प्रश्न वाटतात तितके सोपे नाहीत, अशी माझी खात्री झाली आहे.

पहिला प्रश्न नावाचा. संकेतस्थळावर नाव रोमन लिपीत लिहिले की शेजारच्या रकान्यात त्याचे मराठी रूप आपोआप उमटते. ते दुरुस्त करता येते, पण त्यासाठी आधी ते वाचावे लागते आणि नेमके इथेच बहुतेकांचे बोट पुढे सरकते. रोमनमध्ये काळे आणि काले एकच, माळी आणि माली एकच, कणसे आणि कनसे एकच. ळ आणि ण ही आपल्या भाषेची दोन हक्काची अक्षरे या वाटेवर सहज सांडतात. किरकोळ चुकीमुळे, ओळख पटत असल्यास, मतदान नाकारू नये अशा आयोगाच्या सूचना आहेत, हे खरे. परंतु यादीत 'काळे' शोधणाऱ्याला 'काले' सापडत नाही आणि न सापडलेले नाव हे नसलेले नाव, असे समजून तो घरी परततो. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात मुद्रितशोधनाचे प्रकरण असते. ते मी आता या अर्जांवर शिकवते. अर्ज दाखल करण्यापूर्वी शेजाऱ्याने शेजाऱ्याचा तपासायचा. ऱ्हस्व-दीर्घाचा कंटाळा करणारी मुले स्वतःच्या नावातली वेलांटी मात्र फार काळजीने पाहतात.

दुसरा प्रश्न नात्याचा. या रकान्यात वडील, आई, पती, पत्नी यांना जागा आहे. अनाथांसाठी पालकांना आहे आणि तृतीयपंथी अर्जदारासाठी गुरूलाही आहे. हा अखेरचा शब्द वर्गात वाचला की आधी हसू फुटते आणि मग शांतता पसरते. त्या शांततेत नागरिकशास्त्राचे एक अख्खे व्याख्यान सामावते, असे मला वाटते.

नाव आणि नाते यांचा गुंता आपल्या लोकशाहीइतकाच जुना आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होत असताना, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत, असंख्य स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढीच त्यांची नोंद झाली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रिया त्या निवडणुकीच्या यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता. पण त्यामागचा आग्रह असा होता की मत 'अमक्याच्या बायको'चे नसते. ते एका व्यक्तीचे असते आणि त्या व्यक्तीला नाव असते. आपल्याकडे 'नाव घे' म्हटले की स्त्रीने घ्यायचे ते नवऱ्याचे, तेही उखाण्याआडून. मतदार यादी मात्र तिला तिचेच नाव घ्यायला सांगते. मुलींना मी हा फरक आवर्जून सांगते.

तो सांगून झाल्यावर एकदा द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. उन्हाळ्यात तिचे लग्न झाले होते आणि सासरहून एस.टी.ने ती महाविद्यालयात येत होती. अठरा पूर्ण झाल्यावर तिने वडिलांकडे नोंदणीचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले होते, "लग्न जमतंय, आता तिकडंच टाकू नाव." सासरी विषय काढला तर उत्तर मिळाले, "एवढी काय घाई आहे?" तिने मला विचारले, "मॅडम, म्हणजे मी सध्या कुठंच नाही का?"

तिची अडचण आणखी एक होती. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहून सासरच्यांनी तिचे पहिले नावही बदलले होते. घरात, गल्लीत सगळे तिला नव्या नावानेच ओळखत. कागदपत्रे सगळी जुन्या नावाची. अर्जात कोणते लिहायचे? लग्न झाले म्हणून नाव बदललेच पाहिजे, असे कायदा सांगत नाही. कागदपत्रांत आहे ते नाव लिहावे, नात्याच्या रकान्यात पतीचे लिहावे, पत्त्याचा पुरावा पतीच्या नावाचाही चालतो, एवढे मी सांगितले. तिला ते पटले. पण ती घाबरली ती वेगळ्याच गोष्टीला. अर्जाची पडताळणी करायला मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे ज्यांना सगळे बीएलओ म्हणतात ते, घरी येतात. ते दारात उभे राहून जुन्या नावाने विचारतील आणि घरातले म्हणतील, "या नावाचं इथं कुणी राहत नाही." कथा-कादंबऱ्यांतून स्त्रीच्या अस्तित्वाच्या प्रश्नावर मी वर्षानुवर्षे बोलत आले आहे. तो प्रश्न इतक्या कमी शब्दांत मी क्वचितच ऐकला असेल.

तिने अर्ज भरला. पुढे काय झाले ते तिनेच सांगितले. बीएलओ बाई आल्या तेव्हा ती महाविद्यालयात होती. दारात सासूबाई होत्या. नाव ऐकून त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आहे की. आमची सून आहे ती." संध्याकाळी त्यांनी सुनेला फक्त एवढेच विचारले की, माझ्या माहेरच्या नावाने मलाही कार्ड मिळाले असते का.

तिसरा प्रश्न गावाचा. कायद्याला अर्जदाराचे सर्वसाधारण राहण्याचे ठिकाण हवे असते. केवळ एखाद्या ठिकाणी घर मालकीचे आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून तो रहिवासी उरत नाही, असेही नाही. वसतिगृहात राहून किमान वर्षभराचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्याला दोन पर्याय असतात: आईवडिलांचा पत्ता किंवा वसतिगृहाचा. नाव मात्र एकाच ठिकाणी ठेवता येते. दोन्हीकडे नोंदणी करणे बेकायदा आहे आणि खोट्या प्रतिज्ञापनाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

कागदावर हा पर्याय आहे. घरात तो निर्णय होतो. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, त्यामुळे नाव तालुक्याला आणले की गावच्या निवडणुकीतले मत जाते. एका मुलाला वडिलांनी फोनवर बजावले, "तिथं टाकू नको. वॉर्डात आपलं एक मत कमी होईल." 'आपलं' या सर्वनामात कोण कोण येते, यावर वर्गात चांगली चर्चा झाली. वडिलांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. चार-दोन मतांनी सदस्य ठरणाऱ्या वॉर्डात एका मताला मुंबई-पुण्यात नसेल एवढे वजन असते. मुलाने गावच निवडले. मात्र मत कुणाला द्यायचे ते आपण ठरवू, असे तो फोनवरच म्हणाला आणि माझ्या दृष्टीने नोंदणी तिथे पूर्ण झाली.

आमच्याकडच्या काही मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतली की हंगामभर मुकादमाच्या टोळीत. २०२४ मध्ये विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले. हे दिवस टोळ्यांनी गाव सोडण्याचे. नाव यादीत, गाव ठाऊक, पण माणूस दुसऱ्या जिल्ह्यात उसाच्या फडाशेजारच्या कोपीत. स्थलांतरितांना आहे तिथून मत देता यावे, अशा यंत्राचा नमुना आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला होता; २०२४ च्या निवडणुका मात्र त्याविनाच पार पडल्या. अशा घरातला मुलगा जेव्हा विचारतो, "मॅडम, आईबापाचं मत दर वेळी असंच जातं, मग माझं टाकून काय होणार?", तेव्हा भिंतीवरची सगळी घोषवाक्ये निरुपयोगी ठरतात.

त्याला मी उत्साहाचे भाषण देत नाही. एका मताने सरकार बदलते, असे त्याला सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी एवढेच म्हणते की, यादीत नसलेल्या माणसाची गैरहजेरी कुणाला दिसत नाही. यादीत नाव आहे आणि मत पडले नाही, हे निदान मोजता येते. मोजता येते त्याबद्दल भांडता येते. तुझ्या आईवडिलांचे मत वाया गेले हे तू म्हणू शकतोस, ते त्यांचे नाव तिथे लिहिलेले आहे म्हणूनच. हे उत्तर पुरेसे आहे, असा माझा दावा नाही. काही मुले तेवढ्यावर अर्ज भरतात, काही भरत नाहीत, आणि न भरणाऱ्याच्या हजेरीवर वा गुणांवर त्याचा परिणाम होणार नाही, हे मी आधीच सांगितलेले असते. सक्तीने मिळवलेली नोंद आकडा वाढवते, मतदार घडवत नाही.

प्राध्यापक मित्रांसाठी व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी. २८ मार्च १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. परंतु १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख असल्यामुळे फेब्रुवारीत अठरा पूर्ण करणाऱ्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. ऑगस्ट २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर यांची पहिली तारीख अशा चार अर्हता तारखा आहेत आणि सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. पत्ता बदलला किंवा दुरुस्ती असली तर नमुना क्रमांक ८. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेनंतर त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालता येत नाही. मुले जागी होतात ती प्रचाराचे भोंगे वाजू लागल्यावर, आणि तोवर दार लागलेले असते. म्हणून हे काम जून-जुलैत, प्रवेशाच्या गर्दीतच करावे. तेव्हा मुलांच्या हातात कागदपत्रांची फाइल असते आणि आपले नाव कुठेतरी नव्याने लिहिले जात आहे, याची जाणीवही त्यांच्या मनात ताजी असते.