अंगणातला गॅस

दिवाळी सरली की आमच्या सिहोरा परिसरात गावोगावच्या मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस सुरू होतात. घरोघरी पाहुणे येतात आणि स्वयंपाकघरातली दोन बर्नरची शेगडी अपुरी पडते. मग सिलिंडर अंगणात निघतो. त्याला मोठी भट्टी जोडली जाते आणि हल्ली हौसेच्या घरांत जाळीची गॅस शेगडी, म्हणजे बार्बेक्यूही. वांगी, कोंबडी, पनीर, जे असेल ते तिच्यावर भाजलं जातं. या सगळ्या धावपळीत एक वाक्य मी दरवर्षी ऐकतो, ‘बाहेर मोकळी हवा आहे, काही होत नाही.’ माझा विरोध अंगणातल्या स्वयंपाकाला नाही, या वाक्याला आहे. हवा मोकळी आहे म्हणून जी तपासणी आपण घरात करतो ती बाहेर सोडून देतो, आणि नेमक्या त्याच ढिलाईत धोका असतो.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. धुरासारखा तो वर चढत नाही, जमिनीलगत पसरतो. धानाच्या बांधीत सोडलेलं पाणी जसं उतार धरून चालतं आणि धुऱ्याशी येऊन थांबतं, तसंच त्याचं वागणं. अंगणाला नाली असते, खड्डा असतो, ओट्याची आणि कंपाउंडची भिंत असते. तिन्ही बाजूंनी अडलेल्या जागेला मोकळी म्हणता येणार नाही. वारा असतोच की, असं कुणी म्हणेल. वारा खेळता असेल तर थोडी गळती पांगते, हे मलाही मान्य आहे. पण मंडईच्या दिवसांतल्या थंड संध्याकाळी कित्येकदा पानही हलत नाही. हवेत जेमतेम २ टक्के गॅस मिसळला तरी ठिणगी पुरते, आणि सिलिंडरमधल्या एक लिटर द्रवापासून सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. वास येईल तेव्हा बघू, हा दुसरा भरवसा. मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात ईथाइल मरकॅप्टन मिसळतात. पण मसाला भाजला जात असताना, धूर डोळ्यांत जात असताना आणि गॅस पायांशी रेंगाळत असताना तो वास नाकापर्यंत पोचेलच, याची खात्री कोण देणार?

म्हणून नाकापेक्षा साबणावर भरवसा ठेवावा. वाटीभर पाण्यात साबणाचा फेस करायचा, शेगडीची बटणं बंद ठेवून रेग्युलेटर सुरू करायचा आणि तो फेस रेग्युलेटरच्या बुडाशी, नळीच्या दोन्ही टोकांना आणि नळीभर बोटाने लावायचा. सांधा चांगला असेल तर फेस हळूहळू वाळतो. गळत असेल तर त्याच एका जागी बारीक बुडबुडा येतो, फुटतो, पुन्हा येतो. तसं दिसलं की गॅस बंद. चिंधी बांधून काम चालवायचं नाही. काडी ओढून गळती शोधण्याची सवय तर आजच सोडावी. नळी तारेच्या विणीची, केशरी रंगाची सुरक्षा नळीच हवी, आणि ती ५ वर्षांनी बदलायची. तिच्यावर साल छापलेलं असतं. आमच्या धानपट्ट्यात हे जास्तच जपावं लागतं, कारण धान घरात आलं की उंदीर येतात आणि साध्या रबरी नळीला दात लावतात. रेग्युलेटरचंही तसंच. घरगुती रेग्युलेटर ठरावीक कमी दाबाने गॅस सोडतो, मोठ्या भट्टीला जादा दाबाचा वेगळा लागतो. एकाचा दुसऱ्याला लावू नये.

बार्बेक्यूला झाकण असतं आणि पेटवताना ते उघडंच हवं. झाकणाखाली गॅस साठला आणि मग ठिणगी पडली तर भडका सरळ तोंडावर येतो. ज्योत विझली तर लगेच पुन्हा पेटवू नये. गॅस बंद करून पाच मिनिटं थांबावं. चरबी गळून जाळ उठला तर पाणी ओतायचं नाही, त्याने पेटती चरबी चारी बाजूंना उडते. गॅस बंद करायचा, मांस बाजूला घ्यायचं. आणखी एक चूक थंडीत सर्रास होते. मोठी भट्टी जोराने चालली की सिलिंडरच्या अंगावर दव धरतं आणि ज्योत मंदावते. द्रवाचा वायू होताना सिलिंडरचीच उष्णता खर्ची पडते, म्हणून असं होतं. मग कुणी तो आडवा करतं, कुणी कढत पाण्यात ठेवतं. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव नळीत उतरतो आणि शेगडीवर ज्वाळा उसळतात. सिलिंडर उभाच राहिला पाहिजे, शेगडीच्या आचेपासून नळी पोचेल तितका लांब.

चुलीवर पिढ्या गेल्या, तेव्हा कुठे एवढे नियम होते, असं वडीलधारी मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण चुलीचं जळण डोळ्यांना दिसतं, लाकूड ओढून घेतलं की जाळ उतरतो. गॅसचं जळण दिसत नाही आणि पेटण्याआधीच ते दूरवर जाऊन बसलेलं असू शकतं. अंगणापलीकडे तणसाचा ढीग किंवा धानाचं पुंजणं असेल, तर त्या दिशेने शेगडी मांडूच नये. वर्षभराची कमाई तिथे उभी असते. अवकाळी पाऊस आला की शेगडी उचलून सपरीत घ्यायचा मोह होतो. तोही टाळावा. कोंडलेल्या जागेत अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेची गुंगी वाटावी तसा तो माणसाला घेरतो.

एवढं करायला वेळ कुठे आहे, हा शेवटचा आक्षेप. साबणाच्या फेसाला दोन मिनिटं लागतात, कांदा चिरायला त्याहून जास्त. गळती थांबेना तर माणसांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्यावं, विजेच्या बटणांना हात लावू नये आणि लांब जाऊन १९०६ हा गॅसगळतीचा क्रमांक फिरवावा. आणि जेवणं उरकल्यावर, सगळे दमलेले असताना, आधी रेग्युलेटर बंद करावा. नळीत उरलेला गॅस जळून ज्योत निळी, बारीक होत आपोआप विझते. तोवर तिथून उठायचं नाही, आणि ती विझल्यावरच शेगडीचं बटण फिरवायचं.